‘सेट’ या शब्दाची आवक

पोचसाहेबांनी मागितला होता ‘ॲडमिनिस्ट्रेशन’, आणि पदरात पडला ‘सेट’.

कोशमंडळाच्या कार्यालयातून ते घरी परतले तेव्हा, सत्काराला म्हणून बोलावून आयत्या वेळी खुर्च्या उचलायला लावलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मंडळाच्या इंग्रजी-मराठी महाकोशाचं काम सतरा वर्षं चाललं होतं. शब्द स्वयंसेवकांना वाटून द्यायचे, एका माणसाला एक शब्द, आणि त्याने त्या शब्दाचे सगळे अर्थ शोधून कार्डांवर लिहून आणून द्यायचे, अशी पद्धत. मोबदला काय, तर कोशाच्या सुरुवातीला ‘शब्दसहायक’ या मथळ्याखाली छापील नाव. पोचसाहेबांना ते छापील नाव हवं होतं. इतकं हवं होतं की अर्जात त्यांनी ते तीनदा लिहिलं होतं, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत आणि एकदा ठळक.

या वेडाला कारण होतं आणि ते रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत राहत होतं. पोचसाहेबांचा मेव्हणा भूमापन खात्यातून निवृत्त झाला आणि सहा महिन्यांत त्याने ‘बद्धकोष्ठावर मात’ नावाची चौसष्ट पानांची पुस्तिका छापून घेतली. तेव्हापासून तो स्वतःला लेखक समजत असे आणि दुर्दैवाने नातेवाईकही समजत. पुस्तिकेच्या शेवटी त्याने आपल्या डॉक्टरांचे, आपल्या ताईचे, म्हणजे पोचसाहेबांच्या बायकोचे, आणि ‘इतर नातेवाइकांचे’ आभार मानले होते. पोचसाहेब आयुष्यात एकदाच छापून आले होते, ते ‘इतर नातेवाईक’ म्हणून. चौतीस वर्षं कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळून हजारो पत्रं त्यांच्या हातून बाहेर पडली, पण प्रत्येकाखाली नाव साहेबांचं. एवढ्या मोठ्या कारकिर्दीचा छापील पुरावा म्हणजे बद्धकोष्ठाच्या पुस्तकातले दोन शब्द. माणसाला लागणार नाही तर काय होईल?

पोचसाहेब हे नाव त्यांना कचेरीनेच दिलेलं. टेबलावर आलेल्या प्रत्येक कागदाला नोंदक्रमांक द्यायचा, तारीख-वेळ टाकायची, शिक्का मारायचा आणि आणणाऱ्याच्या हातात पोच ठेवायची, यात त्यांनी कधी कसूर केली नाही. एकदा एक गृहस्थ नुसता पत्ता विचारायला आत आले, तर त्यांच्या चौकशीचीही पोच देऊनच पोचसाहेबांनी त्यांना बाहेर काढलं. आवकच्या टेबलावर कागद नाकारायचा नसतो, हे त्यांचं तत्त्व. नाकारायला वर माणसं बसलेली असतात, त्यांच्या पोटावर आपण का पाय द्यायचा?

तर मंडळाच्या कार्यालयात सचिवबाईंनी वहीवरून बोट फिरवत सांगितलं, “ॲडमिनिस्ट्रेशन गेला.”

“कोणाकडे गेला?”

“एका दातांच्या डॉक्टरांकडे.”

“दातांच्या? अहो, मी चौतीस वर्षं प्रशासनात काढली!”

“त्यांचा अर्ज आधी आला. तुम्हाला ‘सेट’ आहे.”

“तीन अक्षरी?”

“अक्षरं मोजून शब्द द्यायची मंडळात पद्धत नाही,” सचिवबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, माणुसकीला स्मरून, पुढे म्हणाल्या, “याआधी तिघांनी घेतला होता.”

“मग?”

“एकांनी गाव सोडलं. एकांचा फोन लागत नाही. तिसरे बरे आहेत, पण आता फक्त बागकाम करतात.”

पोचसाहेबांनी या माहितीचा अर्थ असा घेतला की आपल्या आधीची तिन्ही माणसं कामचुकार होती. “आठ दिवसांत आणून देतो,” असं सांगून ते उठले. घरी वहिनींनी, म्हणजे सगळी इमारत ज्यांना वहिनी म्हणे त्या त्यांच्या बायकोने, विचारलं, “मिळाला का शब्द?” तेव्हा ते म्हणाले, “तात्पुरता मिळालाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जेवणाचं टेबल पुसून घेतलं, ग्रंथालयातून आणलेले तीन जाडजूड कोश मांडले आणि पेन्सिलीला टोक काढलं. त्यांच्या अंदाजाने चार अर्थ निघायला हवे होते, फार तर पाच. दुपारी जेवायला टेबल मोकळं करा म्हणून वहिनी सांगायला आल्या तेव्हा ते सव्विसाव्या अर्थावर होते आणि कोशातलं दुसरंच पान चालू होतं. ठेवणे, मांडणे, लावणे, नेमणे, जडवणे, मावळणे, गोठणे, हाड जुळवणे, सापळा रचणे, संच, टोळी, नाटकातला देखावा. प्रत्येक कचेरीत असा एक शिपाई असतो. चहा तोच आणतो, फायली तोच वाहतो, साहेबांची गाडी तोच पुसतो आणि झाडांना पाणीही तोच घालतो, बाकीचे सहा शिपाई खिडकीत उभे असतात. इंग्रजांनी ‘सेट’ला तसं राबवून घेतलेलं होतं. ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ मात्र खिडकीत उभा होता, दीड अर्थाचा, आणि तो दातांच्या डॉक्टरांनी एका संध्याकाळी उरकलाही होता. हे डॉक्टर पोचसाहेबांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर राहत असल्यामुळे जिन्यात भेटले की विचारत, “साहेब, अजून चाललंय?”

बरं, नुसते अर्थ शोधून भागत नव्हतं. मंडळाची कार्डं छापील होती. वर शब्द, मधे अर्थ, खाली आधार, बस. एका कार्डावर एकच अर्थ. शाई निळी. चौकटीबाहेर एक टिंबही लिहायचं नाही. पहिला गठ्ठा घेऊन पोचसाहेब गेले तर कार्यालय बंद, कारण ते एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी तीन ते पाच उघडं असे. पुढच्या वेळी गेले तर सचिवबाईंनी गठ्ठा परत केला, कारण दोऱ्याची गाठ पुढच्या बाजूला आली होती. दुसरा कोणी असता तर भांडला असता. पोचसाहेबांना मात्र बाईंविषयी आदर वाटला. इतक्या वर्षांनी त्यांना कोणीतरी तोलामोलाचं भेटलं होतं.

आणि मग ते केस कापायला गेले. सगळा घोटाळा तिथे सुरू झाला.

खुर्चीत बसल्यावर माणूस बोलतो. पोचसाहेबांनीही आपल्या शब्दाची हकिगत सांगितली. न्हाव्याने कात्री थांबवून आरशातून विचारलं, “केस सेट करणं घेतलंत का?”

पोचसाहेब चपापले. कोशात ते होतं की नव्हतं, आठवेना. कोशाबाहेर, रस्त्यावर, दुकानात लोकांकडे स्वतःचे अर्थ असू शकतात, हा विचारच त्यांच्या मनाला शिवला नव्हता. आता शहाण्या माणसाने मान हलवली असती आणि घरी जाऊन गुपचूप एक कार्ड लिहिलं असतं. पण पोचसाहेबांच्या तोंडून चौतीस वर्षांच्या सवयीने दोन शब्द निघून गेले.

“लेखी द्या.”

संध्याकाळी न्हावी दुकान आवरून कागद घेऊन हजर. पोचसाहेबांनी कोरी वही काढली, समास आखला, ‘नोंद क्रमांक एक’ लिहिलं, तारीख टाकली, वेळ टाकली आणि पोच फाडून दिली, ‘आपला अर्थ प्राप्त झाला. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ खाली सही. न्हाव्याने ती तीनदा वाचली. त्याचे दोन अर्ज चार-चार वर्षं कुठकुठल्या कचेऱ्यांत पडून होते. इतक्या झटपट, इतक्या अदबीने त्याला आजवर कोणीच उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पोच दुकानातल्या आरशाच्या कोपऱ्यात लागली.

चार दिवसांत पोचसाहेबांच्या दारात रांग लागली. लोकांना शब्दाचं प्रेम होतं अशातला भाग नव्हता. त्यांना पोच हवी होती.

समोरच्या बांधकामाचा कंत्राटदार आला. “सिमेंट सेट होतं. लिहा.” पुरावा म्हणून त्याने सिमेंटचं एक ढेकूळ आणलं होतं. पुरावा परत करायचा नसतो म्हणून ते ‘सहपत्र एक’ अशी चिठ्ठी लावून टीव्हीशेजारी ठेवण्यात आलं. दातांचे डॉक्टर ‘कवळीचा सेट’ घेऊन आले आणि प्लास्टरचा अख्खा जबडा सहपत्र म्हणून ठेवून गेले. पहिल्या मजल्यावरच्या काकू ‘कपबशांचा सेट’ सांगायला आल्या, तर त्यांच्या मागोमाग त्यांची सून तोच अर्थ घेऊन आली. काकूंची वेळ पाच वाजून दहा मिनिटं, सुनेची अकरा. काकू जिंकल्या. सून घरी जाऊन परत आली आणि तिने ‘ज्यातला एक कप सासूने फोडला आहे असा अपुरा सेट’ हा स्वतंत्र अर्थ नोंदवला. एका गृहस्थांनी सांगितलं, “आमच्या जावयाचं सगळं सेट आहे.”

“म्हणजे नेमकं काय?”

“म्हणजे त्याला काहीच करावं लागत नाही.”

पोचसाहेबांनी मुकाट्याने लिहून घेतलं. हे आणि असे अर्थ कोशात टिकणार नाहीत हे त्यांना कळत होतं. पण नाकारणारे ते कोण?

आणि एका संध्याकाळी मेव्हणा आला. हातात फुलस्केपची दोन पानं आणि काखेत ती पुस्तिका.

“भाऊजी, माझाही एक घ्या. पोट सेट होणे.”

“पोट?”

“सकाळी वेळच्या वेळी साफ होऊ लागलं की आपण म्हणतो ना, पोट आता सेट झालंय? आधार म्हणून माझं पुस्तक जोडतो. पान एकोणतीस. मंडळाला प्रत ठेवून घेऊ दे, मला काही घाई नाही.”

पोचसाहेबांनी पेन खाली ठेवलं. परंतु मागे रांग होती, वही उघडी होती आणि तत्त्व ते तत्त्व. त्यांनी स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात, मेव्हण्याचं पूर्ण नाव लिहून पोच फाडली. ‘आपला अर्थ प्राप्त झाला.’ मेव्हणा ती वाऱ्यावर वाळवत गेला.

घराची अवस्था आता पाहवत नव्हती. जेवणाच्या टेबलावर कार्डं, खुर्च्यांवर कोश, टीव्हीशेजारी ढेकूळ आणि जबडा. जेवायचं ते ताट मांडीवर घेऊन. आलेल्या-गेलेल्यांना पाणी द्यायचं काम वहिनींकडे. आठ दिवसांचे पाच महिने झाले होते. वहिनी दोनदा बोलल्या, एकदा ओरडल्या, आणि एका संध्याकाळी पदर खोचून रांगेत उभ्या राहिल्या. पुढे कंत्राटदाराचा मुकादम, मागे काकू. नंबर आल्यावर त्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

“अगं, तू काय इथे?”

“अर्थ द्यायचाय. घ्या लिहून. सेट म्हणजे स्वभावाने घट्ट झालेला. ज्याच्यात आता काही बदल व्हायची आशा नाही असा.”

पोचसाहेबांनी लिहिलं. “उदाहरण?”

“काही माणसं निवृत्त झाल्यावर सेट होतात.”

“उदाहरण काल्पनिक की प्रत्यक्षातलं?”

“प्रत्यक्षातलं. रोज ताट वाढते त्याला.”

मागे काकू खुदकन हसल्या. पोचसाहेबांनी मान वर केली नाही. नोंद क्रमांक सदतीस, वेळ सहा वाजायला दहा. नवऱ्याने बायकोला पोच दिली आणि बायकोने ती घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली.

पोच दिली की माणूस पाठपुरावा करायला मोकळा होतो, हे पोचसाहेबांना कचेरीत कधी जाणवलं नव्हतं. तिथे काचेची खिडकी होती, ती साडेपाचला बंद व्हायची. इथे लोक जिन्यात गाठायचे. “साहेब, माझ्या अर्थाचं काय झालं?” “विचाराधीन आहे.” “गेल्या महिन्यातही हेच म्हणालात.” न्हावी त्यांच्या मानेला वस्तरा लावून विचारायचा, आणि तशा वेळी ‘विचाराधीन’ म्हणायला फार धीर लागतो. सल्लेही फुकट मिळत. डॉक्टर म्हणाले, सगळं सोडून द्या, रक्तदाब वाढेल. कंत्राटदार म्हणाला, मंडळात कोणाला तरी भेटून घ्या, मी बरोबर येतो, मी नुसता उभा राहतो. काकू म्हणाल्या, सुनेचा कागद तेवढा गहाळ करा.

नवव्या महिन्यात काम संपलं. दोनशे बारा अर्थ त्यांनी स्वतः तीन कोश उपसून काढले होते आणि एकोणसाठ लोकांकडून आले होते. सगळी कार्डं निळ्या शाईत, चौकटीच्या आत, गाठ मागच्या बाजूला. लाकडी पेटी छातीशी धरून ते मंडळात गेले. सचिवबाईंनी पेटी उघडली, चार कार्डं उलटसुलट पाहिली आणि मान डोलावली. चौतीस वर्षांत कुठल्याही साहेबाच्या शाबासकीने झाला नव्हता एवढा आनंद पोचसाहेबांना त्या मान डोलावण्याने झाला.

“पोच?” त्यांनी हात पुढे केला.

“आम्ही पोच देत नाही,” बाई म्हणाल्या. “मंडळ विश्वासावर चालतं.”

पोचसाहेबांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी निदान तारीख घालून आद्याक्षरं मागितली. तीही मिळाली नाहीत. ते रित्या हाताने जिना उतरले. तरी आता आपलं नाव छापून येणार, हा आनंद पोटात मावेना, आणि इमारतीच्या फाटकात जो भेटला त्याला त्यांनी सांगून टाकलं की कोशात शब्दसहायकांची यादी असते आणि तीत आपण आहोत.

असली यादी असते हे लोकांना त्या दिवशी कळलं.

पुढच्या उघड्या शनिवारी मेव्हण्याच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ कोशमंडळावर गेलं. बाकीच्यांनी आपापल्या पोचा खिशातून काढल्या. मेव्हण्याने आपली प्लास्टिकमध्ये बंद करून घेतली होती. मंडळाच्या सतरा वर्षांच्या इतिहासात अर्थ देणाऱ्या माणसाकडे एक चिटोरंही कधी निघालं नव्हतं. इथे क्रमांक, तारीख, वेळ, सही, सगळं होतं. म्हातारे मुख्य संपादक पोचा पाहून गहिवरले. तिथल्या तिथे बैठक झाली, ठराव झाला आणि पोचसाहेबांना बोलावणं आलं.

ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. संपादकांनी त्यांचा हात हातात घेतला.

“अशी शिस्त मी पाहिली नव्हती. आधी फार भांडणं व्हायची हो, हा म्हणायचा अर्थ माझा, तो म्हणायचा माझा. आता मंडळाने ठरवलं आहे, ज्याच्याकडे अर्थाची दिनांकित पोच, तोच शब्दसहायक. एकोणसाठ नावं निश्चित झाली. आणि तो सदतीस क्रमांकाचा अर्थ! काय नेमकी व्याख्या! उदाहरणासकट घेतोय आम्ही.”

“आणि मी?” पोचसाहेबांनी विचारलं.

“तुमची पोच?” सचिवबाई म्हणाल्या.

“बाई, पोचा मीच दिल्या आहेत!”

“तेच म्हणते मी. दिल्यात. तुम्हाला कोणी दिली?”

“दोनशे बारा अर्थ माझे आहेत!”

“त्या कार्डांवर तुमचं नाव कुठे आहे?”

“नावाला चौकटीत जागाच नव्हती. चौकटीबाहेर लिहायचं नाही, असा नियम होता.”

“होता ना,” बाई म्हणाल्या. “फार छान पाळलात.”

संपादक चुळबुळले. काहीतरी करायला हवं, असं ते पुटपुटले. पण ठरावावर त्यांचीच सही ओली होती आणि सचिवबाई तो फायलीला लावत होत्या. पोचसाहेबांना सगळ्यात जास्त लागलं ते हे, की बाईंचं बरोबर होतं. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं.

ते घरी आले आणि बुटांसकट खुर्चीत बसले. वहिनींनी चार प्रश्नांत सगळं काढून घेतलं.

“मग लिहा ना स्वतःला एक पोच,” त्या म्हणाल्या. “मागची तारीख घाला. कोण बघतंय?”

“वहीत क्रमांक सलग आहेत. एक ते एकोणसाठ. मधे फट नाही.”

“माझ्या खाली घाला. सदतीस-अ.”

सदतीस-अ! बाहेरच्या माणसाला या दोन शब्दांतलं पाप कळायचं नाही. मागाहून आलेला कागद आधी आल्याचं दाखवायचं असलं की असा ‘अ’ घुसवतात. तीन वेगवेगळ्या साहेबांनी तीन वेळा त्यांना असा ‘अ’ घालायला सांगितलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं होतं आणि त्यापायी दोनदा बढती हुकली होती. त्या दिवशी मात्र त्यांनी वही काढली. सदतीस आणि अडतीसच्या मधल्या रेघेवर पेन टेकवलं. निळ्या शाईचा एक ठिपका कागदावर पसरला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“नाही जमत गं,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

वहिनींनी वही मिटून कपाटात ठेवली. दोन आठवड्यांनी एका शनिवारी दुपारी त्या छत्री दुरुस्त करायला म्हणून बाहेर पडल्या आणि दिवे लागायच्या सुमाराला परतल्या. “रांग होती,” एवढंच म्हणाल्या. पोचसाहेबांनी विचारलंही नाही. रांगेचं कारण त्यांना नेहमीच पटत असे.

महाकोश वर्षभराने निघाला. शब्दसहायकांना एकेक प्रत घरपोच आली. न्हाव्याने आपली दुकानात मांडली. कंत्राटदाराने मुहूर्ताच्या विटेसारखी ती गाडीत पुढच्या काचेशी ठेवली. पोचसाहेबांच्या घरी प्रत आली ती वहिनींच्या नावाने. आपण ती उघडायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. वहिनींनी ती त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली आणि त्या आत निघून गेल्या. पोचसाहेबांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं, रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या मोजून झाल्या, आणि मग त्यांनी उघडली.

यादी तिसऱ्या पानावर होती. जागा कमी म्हणून प्रत्येकाचं नुसतं नाव आणि आडनाव. न्हावी दोन शब्दांत. कंत्राटदार दोन शब्दांत. काकू आणि सून एकाखाली एक, दोन-दोन शब्दांत. मेव्हणा, लेखक असूनही, दोनच शब्दांत. आणि एक ओळ मात्र इतरांपेक्षा लांब, समासात घुसलेली. वहिनींचं नाव, मग आडनाव, आणि त्या दोहोंच्या मधे, पूर्ण, एकही काना-मात्रा न चुकता, पोचसाहेबांचं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“अगं,” त्यांनी आत हाक मारली, “हे नियमात बसत नाही. दोनच शब्द छापायचे होते.”

“माहीत आहे. सचिवबाई तेच सांगत होत्या.”

“मग?”

“दोन तास सांगत होत्या. पाच वाजले तेव्हा म्हणाल्या, कार्यालय बंद करायचंय. मी म्हटलं करा, मी बसलेय. सहाला त्यांनी मधलं नाव लिहून घेतलं.”

हिच्यासाठी आपण आजवर एवढा वेळ कुठेही बसलो नाही, हे पोचसाहेबांना त्या क्षणी लख्ख कळलं. तसं काहीतरी तिला सांगावं म्हणून ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. तोंडून निघालं ते असं, “लिहून घेतल्याची पोच घेतलीस का?”

“जा,” वहिनी पाठ न वळवता म्हणाल्या. “जायचंय ना पलीकडे दाखवायला? जाऊन या.”

ते गेले. सगळा जिना एका दमात उतरले, रस्ता ओलांडला आणि मेव्हण्याच्या दारावरची घंटा तो दार उघडेपर्यंत दाबून धरली. मेव्हण्यासमोर त्यांनी कोश तिसऱ्या पानावर उघडा धरला. एक अंगठा ओळीच्या सुरुवातीला, दुसरा अंगठा ओळीच्या शेवटाला.

“वाच.”

मेव्हणा चष्मा लावून वाकला. त्याने मधला शब्द वाचला, मग भाऊजींच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा पानाकडे.

“भाऊजी, अंगठे काढा जरा. आजूबाजूचं दिसत नाहीये.”

“आजूबाजूचं काही विशेष नाही,” पोचसाहेब म्हणाले, आणि अंगठे त्यांनी आणखी घट्ट दाबले.